फर्म्याची चांदणी

फुकट काही मागायला आलेलं माणूस आधी आपल्याकडच्या एखाद्या वस्तूचं कौतुक करतं. तळमजल्यावरच्या टीचर माझ्या गाळ्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि "तुमची तुळस किती छान वाढलीय" म्हणाल्या, तेव्हा मी हातातली कात्री खाली ठेवली नाही. त्या तुळशीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

त्यांना राग आला नाही. तिथेच मी सावध झाले.

"चिंध्या हव्या होत्या," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या टर्किशच्या, असल्या तर. नाताळ आला ना. दर वर्षी बिल्डिंगमधली मुलं माझ्याकडे बसून वस्तू करतात. यंदा मेंढरं करायचीत. टर्किशचं कापड अगदी मेंढराच्या लोकरीसारखं दिसतं."

आम्ही जुळे सोलापुरातल्या त्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याला वर्षही झालं नव्हतं. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवाले, फ्लॅट त्यांनी घेतला. रस्त्याकडेचा गाळाही घेणार असाल तरच मी येते, अशी अट मी घातली होती. त्या गाळ्यात माझं कटिंगचं टेबल आणि शिलाई मशिनं. एमआयडीसीतल्या कारखान्यांतून टॉवेलचे कटपीस आणि डागी माल उचलायचा, त्यातला चांगला भाग काढायचा आणि लहान मुलांचे टॉवेल, लाळेरी, स्वयंपाकघरातली फडकी शिवून विकायची, हा माझा धंदा. यजमानांची गिरणी बंद पडली तेव्हा एका पिशवीभर कटपीसवर मी तो सुरू केला. कुणी हात दिला नाही. दिला असता तर मी तो आधी उलटापालटा करून बघितला असता.

"चिंध्यांना भाव असतो, टीचर," मी म्हणाले. "गॅरेजवाले मशीन पुसायला घेऊन जातात."

"मी केक देईन."

"केवढा?"

"तुमच्या घराला पुरेल एवढा."

"आमच्या घरी खाणारी माणसं आहेत. बेदाणे घालणार?"

"घालते."

"आणि काजू?"

त्या हसायला लागल्या. शाळेत हस्तकला शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. शेवटी दोन केक ठरले, एक बेदाण्याचा आणि एक काजूचा. जाताना त्या म्हणाल्या, "तुमच्या नातीलाही पाठवा हं." म्हणजे मागणी एक नव्हती, दोन होत्या. दुसरी दारातून बाहेर पडताना केली.

नात तिसरीत होती. तिला मी पाठवलं, पण नुसतं नाही पाठवलं. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी मला जिन्यात गाठून हळू आवाजात सांगितलं होतं, की पोरांना तिकडे पाठवताना विचार करा. विचार मी केलाच होता, पण त्यांचा तो नव्हे. मला वाटत होतं, या टीचर पोरांकडून माल तयार करून घेत असणार आणि चर्चच्या बाजारात विकत असणार. कच्चा माल माझा, मजुरी पोरांची आणि नफा यांचा. त्यांच्या जागी मी असते तर मी हेच केलं असतं. म्हणून दुपारी शेंगा फोडायचं सूप घेऊन मीही त्यांच्या व्हरांड्यात जाऊन बसले.

तिथे सतरंजीवर पोरं, डिंकाच्या वाट्या, काडेपेटीच्या काड्या आणि माझ्या चिंध्या. आत धाग्यांचा गुंता भरायचा, वरून टर्किश शिवायचं, खाली काड्यांचे पाय. पोरांची शिलाई बघून माझे हात शिवशिवत होते. एकाचं मेंढरू सारखं तोंडावर पडायचं.

"आज्जी, हे उभंच राहीना."

"पुढचे पाय लांब घातलेस. आण इकडं."

मी ते उसवलं, पोट आवळलं, पाय सारखे केले. मग दुसऱ्याचं आलं. मग तिसऱ्याचं. शेवटी एक मी स्वतःच करून दाखवलं. माझी नात ते हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.

"आज्जी, हे कुत्र्यासारखं दिसतंय."

"राखणीचं आहे," टीचर म्हणाल्या. "मेंढरांबरोबर कुत्रं लागतंच."

पोरं खिदळली. मला ते आवडलं नाही, पण कुत्रं त्यांनी गव्हाणीतल्या बाळ येशूच्या देखाव्यात अगदी पुढे ठेवलं, तेव्हा मी त्याचे पाय तेवढे सारखे केले.

विक्रीचं मी सरळच विचारलं. "हा सगळा माल जातो कुठं?"

"मुलांच्या घरी," टीचर म्हणाल्या. "आणि शेवटची वस्तू दुसऱ्यांच्या."

ही शेवटची वस्तू काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. टीचरनी सगळ्यांना हात धुवायला लावले, समोर बसवलं आणि विचारलं, "दिवाळीत तुमच्या घरी कुणाकुणाकडून फराळाचं ताट येतं?" पोरांनी एकच गलका केला. मामी, शेजारच्या काकू, बाबांचे साहेब. "आता असं एक घर आठवा, की जिथून ताट यायला हवं होतं, पण येत नाही. मनातल्या मनात आठवा. त्या घरासाठी आपण वस्तू करायची. घरी कुणालाच सांगायचं नाही. झाली की ताटात ठेवायची, वर रुमाल घालायचा आणि आपल्या हातानं नेऊन द्यायची."

"हे कशासाठी?" मी शेंगा फोडायची थांबले.

"माझ्या आईची पद्धत. आमच्याकडे नाताळचं पहिलं ताट असल्याच घरी जायचं."

"आणि त्यांनी परत पाठवलं तर?"

"ताट परत येतंच की हो," टीचर म्हणाल्या. "आता ते भरून येतं की रिकामं, ते त्यांच्याकडे."

मी सूप उचललं. एका प्रश्नात या बाईनं सगळ्या बिल्डिंगची भांडणं गोळा केली होती. कुणाचं कुणाशी बिनसलंय, हे एवढ्या स्वस्तात मला कधी कळलं नसतं. नातीकडे बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती. नजरेला नजर मिळताच तिने मान खाली घातली.

तिला कुठलं घर आठवलं असेल, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आमच्या घरी एकाच ठिकाणचं ताट यायचं बंद झालेलं आहे. माझ्या धाकट्या जावेचं.

जाऊ लग्न होऊन आली तेव्हा तिला टीप घालता येत नव्हती. मी तिला मशीनवर बसवलं. ती कापड धरायची, मी खडूनं आखायची. मी कापायची, ती शिवायची. वर्षानुवर्षं एका खोलीत आम्ही काम केलं. मग दिरांनी बाजारात दुकान घेतलं आणि ती वेगळी झाली. व्हायला हरकत नव्हती. पण दुकानाच्या पहिल्या दिवशी तिने दारात काय टांगलं, तर तीन पदरी लाळेरं. ते लाळेरं मी काढलेलं होतं. मधला पदर जाड, गळ्याशी चुण्या, नाडीऐवजी बटण. माझ्या फर्म्यावरून कापलेलं, माझ्या खोलीत शिकलेल्या हातांनी शिवलेलं. फर्मा म्हणजे ज्यावरून कापड कापायचं तो पुठ्ठ्याचा आकार. आमच्या धंद्यात लोखंडी कपाटातल्या दागिन्यांपेक्षा फर्म्याला जास्त जपतात. दागिना गेला तर एकदाच जातो, फर्मा गेला की रोज थोडा थोडा जातो.

तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. लग्नाकार्यात समोर आली तर मी पदर नीट करायच्या निमित्ताने मान वळवायची.

त्या डिसेंबरात मी पुन्हा एक वस्तू काढली होती. लहान बाळाला अंघोळीनंतर गुंडाळायचा टॉवेल, एका कोपऱ्याला टोपी. असे टॉवेल बाजारात होते, पण त्यांची टोपी बाळाच्या डोळ्यांवर घसरते. मी टोपीच्या तिकोनी तुकड्याची चेहऱ्याकडची बाजू आत वळवली. किती वळवायची, यासाठी मी पुष्कळ कापड वाया घालवलं. धुतल्यावर टर्किश आटतं, त्याचाही हिशोब त्यात होता. शेवटी ती गोलाई जमली. तान्ह्या बाळाचा एक फर्मा आणि वर्षाच्या पोराचा एक मोठा. पुण्याच्या व्यापाऱ्याने नमुना पाहिला, ठेवून घेतला आणि सांगितलं, असाच माल वर्ष संपायच्या आत पाठवा, गोलाईत फरक नको. त्या फर्म्यांवर माझी सगळी ऑर्डर उभी होती.

माझ्याकडे शिवायला येणारी एक बाई संध्याकाळी जावेकडेही शिवते. म्हणून ते फर्मे मी खिळ्याला टांगले नाहीत, कपाटातही ठेवले नाहीत. कपाट म्हणजे किंमती वस्तू, हे कुणालाही कळतं. मी ते गठ्ठ्यांबरोबर येणाऱ्या रद्दी पुठ्ठ्यांच्या ढिगात सरकवून ठेवले. वर नाव नाही, खूण नाही. तिथे कुणी बघणार नाही, याची मला खात्री होती.

एके दुपारी मी फोनवर ट्रान्सपोर्टवाल्याशी घासाघीस करत होते. नात येऊन हाताला धरून हलवायला लागली.

"आज्जी, मला जाड पुठ्ठा पाहिजे."

"टेबलावरच्याला हात लावू नकोस. त्या ढिगातला काय पाहिजे तो घे." आणि फोनवर, "नाही हो, ते मी तुम्हाला नाही म्हटलं. तुम्ही तुमचा भाव खाली आणा."

नंतरचे दिवस पोरगी चोरासारखी वागत होती. मी खोलीत गेले की काहीतरी पलंगाखाली सरकायचं. बिस्किटांच्या पुड्यांचे चंदेरी कागद गोळा केलेले. एकदा भांग पाडून घेता घेता तिने विचारलं, "धाकट्या आज्जीचं दुकान कुठंय गं?"

"कशाला?"

"असंच."

"असंच कुणी काही विचारत नाही. कुणी विचारायला सांगितलं?"

"कुणी नाही," ती म्हणाली आणि केस अर्धे विंचरलेले तसेच टाकून पळाली. मी सुनेकडे बघितलं. सून फोनमध्ये बघत होती, जरा जास्तच मन लावून.

मग एका सकाळी कापायला घ्यायचं म्हणून ढिगात हात घातला, तर फर्मे नाहीत. ढीग उपसला, गाळा उपसला. माझं डोकं फिरलं. त्या शिवणाऱ्या बाईसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "तिकडं काय पोचवलंस?"

"काय पोचवायचं?"

"तूच सांग."

तिने टीप पूर्ण केली, धागा दातांनी तोडला, मशीनवर कापड पांघरलं आणि डबा उचलला. "सापडलं की बोलवा," म्हणाली. "आन बोलवताना जरा बऱ्या तोंडानं बोलवा." आणि गेली. ती गेल्यावर मला तिचा जास्तच संशय आला. निर्दोष माणूस असं शांतपणे जात नाही, असं मला वाटायचं.

संध्याकाळी बाजारातून रिक्षाने परत येत होते. जावेच्या दुकानाच्या रस्त्याने मी जात नाही, पण त्या दिवशी पुढचा रस्ता खणलेला, रिक्षा तिकडून वळली. मी मान दुसरीकडे करणार, तेवढ्यात दुकानाच्या दारात चंदेरी काहीतरी चमकलं. नाताळची चांदणी. दोन तिकोन एकावर एक उलटसुलट चिकटवलेले. पण चांदणी तिरकी होती, एका तिकोनाची टोकं मोठी आणि दुसऱ्याची लहान. दोघांचीही एक एक बाजू आत वळलेली.

"थांबव," मी रिक्षावाल्याला म्हणाले.

ती गोलाई मला रस्त्याच्या पलीकडून ओळखू आली. पोटचं पोर गर्दीत पाठमोरं दिसलं तरी ओळखू येतं, तशी.

जाऊ स्टुलावर बसून झबल्यांच्या घड्या घालत होती. तिचे केस पिकले होते, हे मी पहिल्यांदा जवळून बघितलं.

"या अक्का," ती म्हणाली, जणू मी कालच येऊन गेले होते. "बसा की."

"बसायला आले न्हाय. ती चांदणी कुटनं आली?"

"दारातनं."

"थट्टा नको."

"थट्टा कशाला. तुमची नात घेऊन आली, सुनेच्या गाडीवर बसून. ताटात घालून, वर रुमाल. मला वाटलं, कुणाच्या लग्नाची अक्षत आली."

म्हणजे सूनही यात होती.

"ते काय हाय, तुला कळलं न्हाय?"

"कळलं की. टोपीचे फर्मे. दोन मापाचे." तिने घडीवरून हात फिरवला. "तुमची गोलाई मी डोळे मिटून वळखीन."

"माप घेतलंस."

"माप घ्यायचं असतं तर दारात टांगली असती व्हय? कपाटात घातली असती."

बोलणं बिनतोड होतं, म्हणूनच मला ते पटलं नाही. ही बाई माझ्याच हाताखाली तयार झालेली. वस्तू दारात टांगली की कुणी चोरी म्हणत नाही, एवढं तिला कळतं. मी फर्मे रद्दीत लपवले, हिने उजेडात. शिकवण एकच.

"काढून दे ती."

"देत न्हाय."

"माझी वस्तू हाय."

"तुमची व्हती. मला पोरीनं दिलीया. तिनं येऊन मागितली तर देते."

इथे माझे हात बांधले गेले. पोरीला मागायला लावायचं, म्हणजे तिला सांगायचं, की तू आज्जीची ऑर्डर डिंकाने चिकटवून दुसऱ्याच्या दाराला टांगलीस. ती रडली असती, याचं मला एवढं काही नव्हतं. पोरं रडतात आणि विसरतात. पण तिच्या हातात कात्री कशी बसते, ते मी त्या व्हरांड्यात पाहिलं होतं. अंगठा न दुखवता, कापडाच्या कलाने. आमच्या घरात माझ्यानंतर कुणाच्या हातात ती तशी बसलेली नाही. एकदा धास्ती घेतली असती तर तिने माझ्या गाळ्यातल्या कशालाही पुन्हा हात लावला नसता. ऑर्डर पाहिजे होती आणि पोरीचा हातही पाहिजे होता, आणि दोन्ही त्या चांदणीत चिकटलेले.

मग मी जे बोलायचं नव्हतं तेच बोलले. "लाळेरं नेलंस तेवढ्यानं भागलं न्हाय?"

जावेने झबलं खाली ठेवलं. "ते लाळेरं कुणाच्या गळ्यावर बेतलं व्हतं, अक्का? माझ्या पोराच्या. लई लाळ गाळायचा म्हणून. लाळ त्याची, गळा त्याचा. तुमची नुसती कात्री."

"कात्री नुसती नसती."

"नसंल. पर पोर बी नुसतं नसतंय. त्या लाळेवाल्याला आता बाप व्हायची येळ आलीया. सून म्हायेरी गेलीया बाळंतपणाला. अजून तुमी तितंच."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. अजूनही आहे. पण तेवढ्यात गिऱ्हाईक म्हणून एक बाई आत आली. लहान मुलाचा टॉवेल उलटून पालटून बघायला लागली आणि म्हणाली, "केवढं पातळ आहे, कमी करा."

"पातळ कुठंय?" माझ्या तोंडून निघून गेलं. "उलटी बाजू बघा. दोन्हीकडं लूप सारखे आहेत. धुतल्यावर आणखी फुगतं. यात कमी होत नाही."

बाई माझ्याकडे बघायला लागली. जावेने मान खाली घालून टॉवेल पिशवीत घातला. बाई सांगितलेल्या भावाला घेऊन गेली.

मग जावेने स्टूल ओढलं, चांदणी दोरीसकट उतरवली आणि काउंटरवर ठेवली. खालच्या कप्प्यातून तपकिरी कागद काढला आणि एक पेन्सिल.

"चांदणी मी देत न्हाय," ती म्हणाली. "आखून घ्या."

वरचा मोठा फर्मा सोपा होता. तिने दोन बोटांनी दाबून धरला, मी कडेने पेन्सिल फिरवली. ती कागद कधी सरकवते आणि मी कधी थांबते, हे दोघींनाही सांगावं लागलं नाही. लहान फर्मा मात्र अर्धा खाली दबलेला, वर चंदेरी कागद. तो सोडवायचा तर चांदणी फाटणार. जावेने डोळे मिटले आणि कागदावरून नख फिरवत गेली. आतली कड जिथे लागेल तिथे थांबायची. मी तिथलं अंतर टेपने घेऊन माझ्या कागदावर टिंब करायची. टिंबं जोडली, गोलाई आली. अगदी माझी.

पण आता ती तिच्या बोटांतही गेली होती.

"हे माप तू इसरायचं," मी म्हणाले.

"शपथ घेऊ?"

"घे."

"शपथेवर तुमी कवा इस्वास ठेवलाय, अक्का," ती म्हणाली आणि चांदणी परत दारात टांगायला उठली. मी कागदाची गुंडाळी केली आणि रिक्षात बसले. रिक्षावाल्याने थांबण्याचे जास्त मागितले. मी दिले नाहीत.

त्या शिवणाऱ्या बाईला मी बोलवून घेतलं. बऱ्या तोंडाने. ऑर्डर गेली, वेळेत. नातीला मी काही बोलले नाही. सुनेला मात्र स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "गाडीवरून कुठं कुठं फिरवतेस तिला?" ती म्हणाली, "टीचरनी कुणाला सांगायचं नाही म्हटलं होतं." घरात राहून बाहेरच्यांच्या अटी पाळणारी माणसं.

नाताळच्या दिवशी टीचर केक घेऊन आल्या. मी हातात धरून वजनाचा अंदाज घेतला. दोन्ही ठरल्याप्रमाणे होते, बेदाणे वरच्यावर पेरलेले नव्हते, आतपर्यंत होते. काही कमी निघालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी आमचं ताट परत आलं. रुमालाखाली करंज्या. आमची जाऊ तळायला बसली की करंज्या फुटतात, हे सगळ्या घराला माहीत आहे. यातली एकही फुटलेली नव्हती. मी एक मोडून बघितली, मग दुसरी. विकतच्या असाव्यात, अशी माझी खात्री झाली. नात मांडी घालून खात बसली होती.

"छान आहेत ना?" तिने विचारलं.

"बघते अजून," मी म्हणाले आणि तिसरी घेतली.

ताट भरून आलं होतं, म्हणजे आता पाळी माझ्यावर. माघात जावेला नातू झाल्याचं कळलं. मी एक टोपीचा टॉवेल शिवला, पण माझ्या फर्म्यावरून नाही. टोपीची गोलाई मुद्दाम पेन्सिलीच्या जाडीएवढी कमी ठेवली. डोळ्याला दिसणार नाही, टेपला दिसेल. तसलाच टॉवेल कधी तिच्या दुकानात टांगलेला दिसला, तर तो कशावरून कापला हे मला दुरूनही सांगता येणार होतं. नातीने तो ताटात ठेवला, रुमाल घातला आणि सुनेच्या गाडीवर बसून देऊन आली.

चैत्रात मी स्वतःच तिकडे गेले. दुसरं काम होतं, वाटेत थांबले. जाऊ काउंटरमागे नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, नुकतीच अंघोळ घातलेला, माझ्या टॉवेलात गुंडाळलेला. मी टोपीकडे बघितलं. कापड कपाळाच्या वर नीट बसलेलं, डोळ्यांवर न येणारं. गोलाई पुरती होती. मी जवळ जाऊन काठ चिमटीत धरला. टीप उसवून पुन्हा घातलेली होती, हाताने, बारीक.

"जरा चुकलं व्हतं तुमचं," जाऊ म्हणाली. "सारखं केलं." माझ्याकडे न बघता ती बाळाचे पाय पुसत राहिली. तिच्या तोंडावर हसू होतं की नाही, हे मला बाजूने दिसलं नाही.

म्हणजे माप तिला येतं. न मोजता, नुसत्या बोटांनी. ते तिच्याकडे त्या संध्याकाळपासून आहे. आणि दुकानात वरपासून खालपर्यंत मी नजर फिरवली, झबली, दुपटी, तीन पदरी लाळेरी, सगळं होतं. टोपीचा टॉवेल त्या बाळाच्या अंगावर होता तेवढा एकच.

दारात चांदणी अजून टांगलेली आहे. चंदेरी कागद एका टोकाला सुटलाय आणि खालचा पुठ्ठा दिसतो. तिकडून गेले की मी आधी चांदणीकडे बघते, मग आतल्या मालाकडे. टोपीचा टॉवेल अजून आलेला नाही. तिला येत असून ती का करत नाही, यामागे काय असावं, हे मी शोधून काढणार आहे.